मंगळावर चुकलेली सावली

मंगळावरची फिल्म शूट करताना बेळगावजवळच्या खानापूरकडची तांबडी माती कॅमेऱ्यात मंगळ म्हणून सहज खपून जाते. फसवते ती सावली. बेळगाव साधारण ७४.५ अंश पूर्व रेखांशावर, आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, मात्र ८२.५ अंशांची. म्हणजे इथली खरी मध्यान्ह, सूर्य सर्वांत वर असण्याची वेळ, बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. फेब्रुवारीत पावणेएकला, नोव्हेंबरात सव्वाबाराला. अकराचा लांबचा शॉट आणि दोनचा क्लोजअप जोडला, की सावली नाकाच्या या बाजूची त्या बाजूला जाते. दोन्ही शॉट लागोपाठ घ्या, नाहीतर क्लोजअपला ऊन मऊ करायला पांढरा पडदा धरा. टेक संपला की लगेच फोनवर फोटो काढा : हेल्मेटची काच, पट्ट्याचं भोक, जखम डावीकडे की उजवीकडे.

कथेतलं भोक मात्र फोटोत दिसत नाही. मंगळावरचा नायक पृथ्वीशी फोनवर भांडतो, आणि उत्तर लगेच येतं! संदेशाला एका बाजूनेच सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. भांडण हवंच असेल तर ते आधी रेकॉर्ड केलेल्या निरोपांतून दाखवा. उलट जास्त चुरचुरतं. आणि मावळतीचं आकाश लाल रंगवू नका. तिथे सूर्याभोवती निळसर छटा असते.