दहा टक्के आले की सुटलो?

सबमिशनचा सीझन आला की एमए, पीएचडीवाल्या पोरांचा एकच प्रश्न, मॅडम प्लेग (म्हणजे प्लेजरिझम, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवणं) किती परसेंट चालतं? म्हणजे उचलू की नको हा प्रश्नच नाही, किती उचलू एवढंच. आता यात सगळा दोष पोरांचाही नाही म्हणा, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियमच टक्क्यांत बोलतात, थिसिसमधला किती मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो त्याचे टक्के. १० पर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ४० ते ६० ला वर्षभर घरी बसा आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. मग १० म्हणजे पासिंगचे मार्क असं धरून सगळे कामाला लागतात. त्याच नियमांत लिहिलंय की निरीक्षणं, निष्कर्ष यांत अजिबात साम्य नको, पण तिथपर्यंत वाचतंय कोण!

आणि हे टक्के काढणारं सॉफ्टवेअर चोरी पकडतच नाही हो, ते फक्त जुळणारे शब्द रंगवून दाखवतं. अवतरणचिन्हात नाव देऊन घेतलेला उतारापण लाल होऊ शकतो, आणि इंग्रजी पुस्तकाचं अख्खं प्रकरण गपचूप मराठीत आणलं तर बऱ्याचदा काहीच लाल होत नाही. खरी चोरी मात्र ही दुसरीच.

मग टक्के उतरवायला शब्द बदलणं सुरू. समजा मूळ वाक्य आहे, "रोजगार हमीमुळे दुष्काळात मजुराच्या हाताला काम मिळालं, पण त्यातून झालेल्या विहिरींचा फायदा जमीनवाल्यालाच जास्त झाला." त्याचं होतं, "रोहयोमुळे अवर्षणात श्रमिकाच्या हस्तास कार्य लाभले, परंतु..." हस्तास कार्य! असं कोण बोलतं? इंग्रजीत तर याहून भारी, स्पिनिंग म्हणजे आपोआप शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या पेपरांत ब्रेस्ट कॅन्सरचं 'बुझम पेरिल' (छातीचं संकट!) झालेलं सापडलंय, आणि असल्या शब्दांवरूनच संशोधकांनी २०२१ मध्ये ढीगभर बोगस पेपर शोधून काढले.

वरच्या वाक्यात शब्द हा मुद्दाच नाहीये. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, हे कुणीही लिहावं, त्याला संदर्भ नाही दिला तरी चालतं. पण विहिरींचा फायदा कोणाला झाला हे कुणीतरी गावं फिरून, आकडे जमवून मांडलेलं असतं, ते कितीही स्वतःच्या भाषेत लिहा, त्या माणसाचं नाव यायलाच पाहिजे. नाव दिलं की पुढे तुम्हाला भांडताही येतं, की आमच्या तालुक्यात असं नव्हतं, आणि तिथून खरा तुमचा थिसिस सुरू होतो.

घोळ होतो तो वहीतच. पुस्तकातून उतरवताना तेव्हाच अवतरणचिन्ह आणि पान नंबर टाका, स्वतःचा विचार वेगळ्या शाईने लिहा, नाहीतर चार महिन्यांनी हे वाक्य आपलं की लेखकाचं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चॅटजीपीटीकडून संदर्भयादी तर मागूच नका, नसलेली पुस्तकंही बिनधास्त देतं.

आणि हो, घाबरून आधीच कुठल्यातरी दुकानात फाईल देऊन रिपोर्ट काढू नका. काही ठिकाणी ती फाईल डेटाबेसमध्ये साठवली जाते, मग कॉलेजने चेक केलं की तुमचा थिसिस तुमच्याच थिसिसशी नव्वद टक्के जुळतो आणि ते निस्तरताना गाईडचे पाय धरावे लागतात. लायब्ररीत विचारा, बहुतेक विद्यापीठांत सोय असते, आणि नुसता आकडा नको, पूर्ण रिपोर्ट मागा.