धबधब्यापर्यंतची बस

आई-बाबा मे महिन्यात आले आणि पहिल्याच शनिवारी आम्ही त्यांना मल्टनोमाह धबधबा दाखवायला निघालो. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या आमच्या हिल्सबरोहून पोर्टलंड ओलांडून पूर्वेला गेलं की कोलंबिया नदीची घळ लागते. धबधब्याचं पार्किंग महामार्गाच्या दोन बाजूंच्या मधोमध आहे. ३१ नंबरची एक्झिट, तीही डावीकडून. पार्किंग भरलं की ती बंद करतात. त्या दिवशी ती बंदच होती. मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. आईला खिडकीतून दोन-तीन सेकंद पांढरी रेघ दिसली आणि ती झाडांआड गेली.

घरी आल्यावर भाजी निवडताना आई म्हणाली, "इथे गाडी न येणारं माणूस म्हणजे सामान गं. कुणीतरी उचलून नेईल तेव्हा जायचं."

ती तक्रार करत नव्हती, जे दिसलं ते सांगत होती. साताऱ्यात ती या वयातही एकटी एसटीने माहेरी जाते, वाईला जाते, गणपतीला जाते. इथे मात्र सोमवार ते शुक्रवार तिचं जग आमच्या गल्लीच्या टोकाशी संपायचं. इथल्या प्रत्येक मराठी घरात सहा महिने येऊन राहणारे आई-वडील असेच खिडकीशी बसलेले असतात. मी चौदा वर्षं इथे राहते आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या बुधवारी मी रजा टाकली. गाडी घरी ठेवली आणि आम्ही तिघं बसने गेलो.

हिल्सबरोहून मॅक्स या शहरी रेल्वेची ब्लू लाइन थेट गेटवे ट्रान्झिट सेंटरला जाते. तिथून घळीत जाणारी बस मिळते, नाव कोलंबिया गॉर्ज एक्सप्रेस. २०१६ च्या उन्हाळ्यात ओरेगनच्या परिवहन विभागाने ती सुट्टीच्या दिवसांपुरती, प्रयोग म्हणून सुरू केली होती. आता ती हूड रिव्हर काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, सार्वजनिक बससेवा चालवते आणि थेट हूड रिव्हर गावापर्यंत जाते.

वाटेत मॅक्स डोंगराखालच्या बोगद्यात शिरते. तिथलं वॉशिंग्टन पार्क स्टेशन जमिनीखाली २६० फुटांवर आहे. बाबांना ते दाखवायचं म्हणून आम्ही मुद्दाम उतरलो. बोगद्याच्या कामाआधी भोक पाडून काढलेला दगडाचा गाभा तिथे फलाटाच्या भिंतीत नळीत घालून ठेवला आहे. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातले निवृत्त शाखा अभियंता. नोकरीतले कितीतरी पावसाळे त्यांनी आंबेनळी घाटात दरडी उपसण्यात घालवलेत. ते त्या नळीला नाक लावून उभे राहिले.

"अगं, हा तर आपलाच दगड. काळा पाषाण!"

खरंच आहे ते. ही घळ ज्या बेसॉल्टमधून कापली गेली आहे तोही जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा, आपल्या सह्याद्रीसारखाच थरांवर थर. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून इथले धबधबेही माळशेज-आंबोलीची आठवण करून देतात: सरळ तुटलेला काळा कडा आणि वरून पाण्याची धार.

बस धबधब्याजवळ थांबली. पार्किंगच्या चकरा नकोत. आईचे गुडघे दुखतात, पण खालच्या चौकापर्यंत तिला चढावं लागलं नाही. ६२० फुटांचा धबधबा तिने मान वर करून पाहिला. नंतर कठड्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायली, आणि मग पुन्हा पाहिला. आम्ही तिथे दोन तास होतो. गाडीने आलो असतो तर वीस मिनिटांत फोटो काढून निघालो असतो.

बाबा मात्र धबधब्यापेक्षा रस्ता बघत होते. जुना कोलंबिया नदी महामार्ग तिथून जातो. सॅम्युअल लँकेस्टर नावाच्या इंजिनिअरने तो आखला आणि १९१३ ते १९२२ या काळात बांधून झाला. लँकेस्टरचा नियम होता की चढ पाच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ते ऐकल्यावर बाबा थबकलेच. "म्हणजे एकास वीस! डोंगरी रस्त्याला आमचा रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे ठरलेला चढ, तोच." मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "जंगल केंद्राचं, बरोबर? मग हा रस्ता कोणाचा?"

"राज्याचा."

"आणि जंगल बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी तो खराब झाला, तर पैसे कोणी द्यायचे? खर्चाच्या कुठल्या हेडखाली?"

मला उत्तर येत नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी शोधायला लागले, आणि नंतरचे दोन आठवडे रोज रात्री आम्ही दोघं त्याच विषयावर बोलत होतो.

ओरेगनची निम्म्याहून जास्त जमीन संघीय सरकारच्या ताब्यात आहे: राष्ट्रीय वनं, कुरणं, अभयारण्यं, उद्यानं. या जमिनीवर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही. त्याबदल्यात केंद्राकडून थोडी भरपाई येते, पण वनाच्या फाटकापर्यंतचा रस्ता, त्यावरच्या मोऱ्या, पूल, हिवाळ्यातला बर्फ हे सगळं त्याच लहानशा काउंटीने सांभाळायचं. रस्त्यावरून जाणारे बहुतेक लोक बाहेरचे, माझ्यासारखे. त्यांचा कर दुसरीकडे जमा होतो. फाटकाच्या आत केंद्राचा वेगळा निधी आहे. अडचण फाटकाबाहेर आहे.

या अडचणीसाठी २०१२ च्या परिवहन कायद्यात एक योजना आणली, फेडरल लँड्स ॲक्सेस प्रोग्रॅम. सुरुवातीला वर्षाला २५ कोटी डॉलर, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात २०२२ ते २०२६ या पाच वर्षांसाठी मिळून सुमारे दीडशे कोटी. अट अशी की रस्त्याची मालकी किंवा देखभाल राज्य, काउंटी, गाव किंवा आदिवासी शासनाकडे असावी, आणि तो संघीय जमिनीकडे नेणारा, तिला लागून असणारा किंवा तिच्यातून जाणारा असावा. डांबरीकरण, पूल, पार्किंग, पायवाट, सायकलची वाट, प्राण्यांचे अपघात टाळण्याची कामं, सगळं त्यात बसतं.

बाबांनी विचारलं, "मंजुरी कोण देतं?"

प्रत्येक राज्यात तीन जणांची समिती असते. एक संघीय महामार्ग प्रशासनाचा, एक राज्याच्या परिवहन विभागाचा, एक स्थानिक शासनांचा. ज्यांची जमीन, त्या खात्याशी त्यांनी सल्लामसलत करायची. अर्जावरही त्या खात्याची संमती लागते. बाबांचा विश्वास बसेना. "तीनच सह्या? आमच्याकडे प्रशासकीय मान्यतेची फाईल तीन टेबलांवरून गेली तर ती हरवली असं समजायचो." तरी त्यांना हे पटलं, कारण ज्या काउंटीचा रस्ता, तिच्या बाजूचा माणूस टेबलावर बसलेला असतो.

मग वाट्याचा प्रश्न. आधी स्थानिकांना खर्चातला काही हिस्सा घालावा लागे. २०२१ च्या कायद्याने केंद्राचा वाटा १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. बाबांना इथे ग्रामसडक योजना आठवली. ती २००० साली सुरू झाली तेव्हा पैसे पूर्ण केंद्राचे होते, नंतर केंद्र-राज्य साठ-चाळीस झालं. "इथे उलटं केलं की यांनी," असं म्हणून ते बराच वेळ विचार करत बसले. ज्या गावाकडे चाळीसातले दहाही नसतात ते गाव अर्जच करत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलं आहे.

जूनमध्ये आम्ही त्याच घळीतल्या मिचेल पॉइंटला गेलो, माझ्या गाडीने. हे ठिकाण मला स्वतःला पाहायचं होतं. १९१५ मध्ये तिथे कड्यातून बोगदा काढला होता आणि नदीच्या बाजूला त्याला पाच खिडक्या ठेवल्या होत्या. पुढे महामार्ग रुंद करायला १९६६ मध्ये तो बोगदा कड्यासकट उडवून दिला. २०२५ मध्ये तिथे नवा बोगदा खुला झाला. लांबी ६५५ फूट, नदीच्या बाजूला पुन्हा पाच कमानदार खिडक्या. गाड्यांना प्रवेश नाही, चालणारे आणि सायकलवाले फक्त. ओरेगनचा परिवहन विभाग आणि संघीय महामार्ग प्रशासनाचं पश्चिम विभागाचं कार्यालय यांनी मिळून हे काम केलं, आणि या ॲक्सेस योजनेचा पैसा त्यात आहे. जुना महामार्ग जिथे तुटला होता तिथे चालण्या-सायकलीची वाट करून पुन्हा जोडत आणायचं काम कित्येक वर्षं चाललं आहे. हा त्यातला सगळ्यात अवघड तुकडा.

बाबांनी बोगद्याच्या तोंडाशी चप्पल काढली. देवळात काढतात तशी. मी काही बोलले नाही. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, पाणी निघायला सोडलेली जागा पाहिली, वरच्या कड्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या खिडकीत उभे राहून म्हणाले, "आम्हाला दरड काढून रस्ता चालू करायला सांगायचे. लोकांनी थांबून बघावं म्हणून एक खिडकी कोण मंजूर करणार होतं?"

आई तिसऱ्या खिडकीपर्यंत आली. वाट सपाट, बसायला कठडा, खाली रुंद नदी. तिने विचारलं, "इथे बसने येता येतं का गं?"

माझ्या मनात तेव्हापासून हेच आहे. कायद्यात या निधीतून सार्वजनिक वाहतुकीचा चालू खर्चही करता येईल असं स्पष्ट लिहिलं आहे. पण रस्ता एकदा बांधला की उद्घाटन होतं आणि तो दिसत राहतो. बसला ड्रायव्हर लागतो, त्याचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि अनुदानाची मुदत संपली की लहान काउंटीपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून रस्ता-पूल मागणं सोपं आणि बस मागणं अवघड, असं मला वाटतं. राज्यांना पैसे वाटण्याचं सूत्रही वाचलं. ५५ टक्के भार संघीय रस्त्यांच्या लांबीला, ३० टक्के भेट देणाऱ्यांच्या संख्येला, १० टक्के पुलांना, ५ टक्के जमिनीच्या क्षेत्रफळाला. भेट देणारे मोजतात, ते योग्यच आहे. पण जे येऊच शकले नाहीत त्यांची मोजणी कुठल्याच रकान्यात नाही. त्या पहिल्या शनिवारी माझी आई कुठे मोजली गेली?

त्या बुधवारच्या बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर हूड रिव्हरला कामाला जाणारी एक बाई होती, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. मागे कॉलेजची तीन मुलं, त्यांच्यातल्या एकाचं नदीकडून तोंड वळत नव्हतं. काठी घेतलेले एक आजोबा होते. ते ड्रायव्हरला नावाने हाक मारत होते. ही सगळी माणसं आईसारखीच, कुणी उचलून नेण्याची वाट न बघता निघालेली. आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावी मुक्कामी एसटी जायची, म्हणून आम्ही कॉलेजात असताना खिशात फारसे पैसे नसताना सह्याद्री पाहिला. तेव्हा ते एवढं मोठं वाटलं नव्हतं.

घळीतल्या वाहतुकीबद्दल लोकांची मतं मागवतात तेव्हा मी आता लिहून पाठवते. पहिल्यांदा लिहिलं ते बाबांनी सांगितलं तसं: मागणी नेमकी करायची, थांब्याचं नाव लिहायचं, कोणत्या वारी किती माणसं येतील ते लिहायचं, आणि भावना शेवटच्या ओळीत. मिचेल पॉइंटचा थांबा मागितला आहे. हिल्सबरो-बीव्हरटन भागातल्या मराठी मंडळींनीही, विशेषतः ज्यांचे आई-बाबा येणार आहेत त्यांनी, चार ओळी लिहाव्यात. इंग्रजी अवघड वाटत असेल तर मी मदत करेन.

ऑगस्टच्या शेवटी, परत जायच्या आधीच्या आठवड्यात, एका गुरुवारी मी मीटिंगमध्ये होते. फोनवर आईचा फोटो आला. धबधब्यासमोर ती आणि बाबा, डोक्यावर बाबांची पांढरी टोपी, हातात तोच थर्मास. मी घाबरून बाहेर येऊन फोन केला.

"कुणाबरोबर गेलात?"

"कुणाबरोबर म्हणजे? आम्ही दोघं," आई म्हणाली. "ब्लू लाइन, मग गेटवे, मग बस. पोळी-भाजी खाल्ली आत्ताच. दुपारच्या गाडीने येतो. तू कुकर लावून ठेव."