सोलापूरची एक फेरी: दादाचा मॅक आणि बदललेलं शेल

मावसभाऊ सोलापुरात चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढतो. त्याचा फोन आला, "मशीन अपडेट केलं रे, आता शेडचे फोल्डर नीट होईनात. तिन्ही रंगांचा मिळून एकच फोल्डर होतोय बघ." दोन संध्याकाळी फोनवर खटपट केली, पण स्क्रीन दिसल्याशिवाय काही कळेना. शेवटी शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. पुण्याहून साधारण चार तास लागतात. रात्री पोचलो की जेवून झोपावं. असलं काम पेंगत करू नये.

सकाळी दोघे मशीनसमोर बसलो. दादाने मॅक मोजावे या जुन्या प्रणालीवरून पुढच्या आवृत्तीवर, कॅटालिनावर नेला होता आणि जुनं खातं फार भरलं म्हणून नवं खातं उघडलं होतं. हे दुसरं त्याने फोनवर सांगितलंच नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. बॅश आणि झेडशेल ही त्यातली दोन. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल मिळतं. जुन्या खात्याचं शेल अपग्रेड आपणहून बदलत नाही. म्हणजे एकाच मशीनवर जुन्या खात्यात एक वागणूक आणि नव्यात दुसरी.

म्हणून तुम्ही कुणाकडे गेलात, तर स्क्रिप्टला, म्हणजे शेलसाठी लिहून ठेवलेल्या कमांडना, हात लावण्याआधी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'इको डॉलर शून्य' देऊन बघा. आम्हाला जुन्या खात्यात बॅश दिसलं, नव्यात झेडशेल. मोठ्या अक्षरांतल्या 'डॉलर शेल'वर विसंबू नका. ते खात्याला नेमून दिलेलं शेल सांगतं, समोर चालू असलेलं नाही.

पुढचं कोडं सुटायला तासभर लागला. दादाची फोल्डर करायची कमांड बॅशच्या प्रोफाइल फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना बॅश वाचतं त्या फाइलमध्ये, लिहिलेली होती. झेडशेल ती वाचत नाही, त्यामुळे सुरुवातीला दादाला 'कमांड नॉट फाउंड' येत होतं. त्याने जुन्या फाइलमधलं सगळं उचलून झेडशेलच्या तसल्याच फाइलमध्ये, डॉट-झेडएसएचआरसीमध्ये टाकलं. आता कमांड सापडली, पण वागणं बदललं. त्याच्या फंक्शनमध्ये, म्हणजे त्या कमांडमागच्या ओळींमध्ये, 'लाल हिरवा पिवळा' अशी यादी एका व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या मजकुरात) होती आणि लूप, म्हणजे एकेक रंग घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या ओळी, तिच्यावर फिरत होता. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं व्हेरिएबल बॅश रिकाम्या जागांवर तोडतं. झेडशेल ते अखंड ठेवतं. म्हणून लूप एकदाच फिरला आणि 'लाल हिरवा पिवळा' नावाचा एकच फोल्डर झाला! मला झेडशेलची ही रीत जास्त बरी वाटते, नावात रिकामी जागा असलेल्या फाइली त्यामुळे वाचतात. पण जुनं फंक्शन तिच्या भरवशावर लिहिलेलं नव्हतं.

दुसरी अडचण तात्पुरत्या फाइली पुसणाऱ्या ओळीत होती. ताऱ्याच्या पॅटर्नशी (तारा म्हणजे 'इथे काहीही चालेल') जुळणारी एकही फाइल नसेल तर बॅश तो पॅटर्न जसाच्या तसा पुढे देतं. झेडशेल 'नो मॅचेस फाउंड' म्हणून तिथेच थांबतं. आणि ॲरे, म्हणजे क्रमांक असलेली यादी, वापरत असाल तर लक्षात ठेवा, झेडशेलमध्ये मोजणी १ पासून, बॅशमध्ये ० पासून.

नवं खातं परत बॅशवर न्यायला 'सीएचएसएच', मग वजा एस, मग 'स्लॅश बिन स्लॅश बॅश' एवढं पुरतं. दादाला तेच हवं होतं. मी नको म्हटलं. मॅकसोबत येणारं बॅश ३.२ आहे, फार जुनं. त्यापेक्षा फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढलं, पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता लिहिला आणि फाइलला चालवायची परवानगी दिली. आता खात्याचं शेल कुठलंही असो, ते काम बॅशच करतं. रंगांची यादीही ॲरेमध्ये घेतली. दुपारी एकच्या सुमारास तीन फोल्डर वेगवेगळे उठले. दादा काही बोलला नाही, लगेच कारखान्यात फोन लावून डिझाइन पाठवतो म्हणाला.

अशा मदतीला जाणाऱ्यांनी जुनं खातं पुसू देऊ नये, तुलनेला तेच कामी येतं. डॉटने सुरू होणाऱ्या फाइली फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, दिसत नाहीत. त्या बघायला कमांड, शिफ्ट आणि टिंब या कळा एकत्र दाबा. बदलण्याआधी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर सगळं काम सकाळीच उरका, दुपारचं ऊन डोकं चालू देत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असते, तेव्हा तिकीट आधी काढा. परतीची हुतात्मा सोलापूरहून भल्या सकाळी सुटते, म्हणून मावशीने कडक भाकरी आणि शेंगा चटणी रात्रीच बांधून ठेवली होती.