मधल्या चाकाला कडा नसलेले इंजिन : यॉर्क आणि शेरिंगहॅमचा प्रवास

इंग्लंडमधल्या यॉर्क स्थानकावरून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चालत जाण्याइतके जवळ आहे आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. मी गेलो होतो ते मात्र एकाच इंजिनासाठी, म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या ‘९ एफ’ या मालवाहू वर्गातल्या ९२२२० क्रमांकाच्या ‘इव्हनिंग स्टार’साठी. संग्रहालयातली इंजिने अधूनमधून शिल्डनच्या शाखेत हलवली जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्याला हवे ते इंजिन कुठे आहे याची चौकशी अवश्य करावी. दुपारी पोहोचण्याची चूक मी केली. तुम्ही दार उघडतानाच आत जा.

या वर्गाची गंमत समोरून कळत नाही. इंजिनाच्या बाजूला, त्या बाजूच्या पाच जोडचाकांपैकी (दांड्याने एकमेकांना जोडलेल्या, गाडी ओढणाऱ्या चाकांपैकी) मधल्या चाकापाशी, गुडघे टेकून बसावे लागते. रुळावरून चाक घसरू नये म्हणून त्याला आतल्या अंगाने जी कडा असते, ती या चाकाला नाहीच. त्याची धाव, म्हणजे रुळाला टेकणारा भाग, सपाट आहे. दुसऱ्या आणि चौथ्या चाकांच्या कडाही कमी उंचीच्या ठेवलेल्या आहेत. पहिल्या जोडचाकापासून पाचव्यापर्यंतचे अंतर २१ फूट ८ इंच, आणि एवढा लांब ताठ सांगाडा वळणावर अडकू नये यासाठी केलेली ही तजवीज आहे. ती डोळ्यांनी पाहिली आणि मग दहा चाकांचे इंजिन यार्डातल्या वळणांवरून कसे जात असेल हा माझा जुना प्रश्न मिटला.

आरंभी आराखडा दोन्ही बाजू मिळून आठ जोडचाकांचा आणि मागे आधारचाके असलेला होता, पण ब्रिटिश रेल्वेच्या यांत्रिक विभागाचे प्रमुख रॉबर्ट रिडल्स यांनी दहा जोडचाकांचा आग्रह धरला, कारण वजन जितके ओढणाऱ्या चाकांवर तितकी रुळावरची पकड चांगली. त्याची किंमत भट्टीला मोजावी लागली. रुंद भट्टी मागच्या चाकांमध्ये मावेना, म्हणून चाकांचा व्यास ५ फूट ठेवून भट्टी चाकांच्या वर घेतली आणि बॉयलर उंच बसवला. संग्रहालयात थोडे मागे सरकून पाहिले तर बॉयलरखालून पलीकडचे दिसते. माझ्या मते या वर्गाचे देखणेपण त्याच मोकळ्या जागेत आहे.

१९५४ ते १९६० या काळात क्रू आणि स्विंडन या गावांतल्या कारखान्यांत अशी २५१ इंजिने बांधली गेली. टाइन डॉकहून कॉन्सेटच्या पोलाद कारखान्याकडे लोहखनिज नेणाऱ्या दहा इंजिनांवर वाघिणींची दारे हवेच्या दाबाने उघडण्यासाठी खास पंप बसवले होते. खरे तर मालासाठी घडवलेली ही इंजिने प्रवासी गाड्यांनाही जोडली गेली आणि एकदा तर ताशी ९० मैलांची नोंद झाली; एवढ्या लहान चाकांसाठी हा वेग थक्क करणारा आहे. १० इंजिनांवर इटालियन क्रॉस्टी पद्धतीचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने पाणी आधीच तापवणारा, बॉयलर वापरून पाहिला, पण तो प्रयोग फसला.

मार्च १९६० मध्ये स्विंडनला तयार झालेले ‘इव्हनिंग स्टार’ हे ब्रिटिश रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन. बाकीची भावंडे काळी, याला मात्र हिरवा रंग आणि धुरांड्याला तांब्याचे कडे. १९५५ मध्येच डिझेलकडे वळण्याची योजना ठरली होती, आणि ‘इव्हनिंग स्टार’ १९६५ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, सेवेतून निघाले. १९६८ मध्ये उरलेला वर्गही संपला. अजून कित्येक वर्षे धावू शकणारी यंत्रे अशी भंगारात गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

या वर्गाचे इंजिन चालताना ऐकायचे असेल तर नॉर्फोकमध्ये शेरिंगहॅमला जावे. यॉर्कहून पीटरबरोला गाडी बदलून नॉरिच गाठावे. तिथून शेरिंगहॅम तासाभरावर आहे आणि जुनी इंजिने चालवणाऱ्या वारसा रेल्वेचे स्थानक समोरच रस्त्यापलीकडे आहे. तिथले ९२२०३ म्हणजे ‘ब्लॅक प्रिन्स’, ज्याने १९८२ मध्ये २,१७८ टनांची गाडी ओढून दाखवली होती. ते रोज धावत नाही, म्हणून त्या दिवशी कोणते इंजिन लागणार हे विचारूनच तिकीट काढावे. पुढच्या डब्यात बसावे आणि वेबर्न स्थानक सोडताच खिडकी उघडी ठेवावी, कारण पुढे ८० ला १ असा चढ लागतो आणि धुरांड्याचा प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो.