सत्तरीतला मुक्काम: स्वतः शिवलेलं छत आणि त्याहून महत्त्वाचा तळ

परतीचा पाऊस अजून सरला नव्हता, तेव्हा आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे एका ओळखीच्या बागायतदाराच्या काजूच्या बागेत मुक्काम केला. बाग म्हादई अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला गोव्यात कायद्याने मनाई आहे. त्यामुळे खासगी जमीन आणि मालकाचा होकार हाच सरळ मार्ग. पणजीहून वाळपईपर्यंत कदंबच्या (गोव्याच्या एसटीच्या) बस आहेत, पण पुढच्या गावांना मोजक्याच. परतीची वेळ वाळपईच्या स्टँडवर विचारूनच पुढे जा.

मुक्कामासाठी तंबूसारखं ताणायचं छत मी स्वतः शिवलं, ते दुपाखी आहे. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेलं रिपस्टॉप (फाट पसरू न देणाऱ्या विणीचं) नायलॉन, दीड मीटर पन्ह्याचं, सहा मीटर घेतलं. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे आढ्यावर जोडले की साधारण तीन बाय तीनचं छत होतं. हे कापड चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तणावे (छत ताणायच्या दोऱ्या) धरून सगळं अर्ध्या किलोच्या घरात. आढ्याची कड सरळ कापू नका. भिंतीवर दोन खिळ्यांना साखळी टांगा, मधोमध आठ-दहा सेंटिमीटर झोळ येऊ द्या आणि तो आकार कागदावर उतरवून त्यावर दोन्ही तुकडे कापा. मग ताण दिल्यावर पाखी फडफडत नाहीत आणि पाणी साचत नाही.

शिवण दुहेरी दुमडीची, दोरा पॉलिस्टरचा. टाचण्या टोचू नका, कपड्याचे चिमटे लावा, कारण टाचणीचं प्रत्येक भोक पुढे गळतं. शिवण बंद करायला हार्डवेअरच्या दुकानातलं शंभर टक्के सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावा आणि दिवसभर वाळू द्या. सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनच चिकटतं, दुसरा गोंद सोलून निघतो.

“खाली व्हाळाकडे नको रे, वर काजूत बांधा,” असं बागायतदार काकांनी सांगितलं आणि ते खरंच होतं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी गार, ओलसर हवा साठते आणि एकपदरी छताच्या आतून थेंब धरतात. पावसात पाणी चढण्याचीही भीती असते. वर जांभ्याची जमीन असल्याने बारीक अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. तणावा आडव्या काटकीला बांधून काटकीवर जांभा दगड ठेवला की पक्कं बसतं. दगड हात घालून उचलू नका, आधी काठीने उलटा, खाली विंचू असतो.

रात्री गडगडाटासह जोराची सर आली. नायलॉन भिजलं की पाणी शोषून सैल पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढा. प्रत्येक तणाव्यात रबराचा छोटा वेढा घातला तर ढील आपोआप घेतली जाते. हे फार उपयोगी पडलं.

माझा आग्रह मात्र खालच्या भागासाठी आहे. वजन वाचवायला नुसत्या छताखाली उघड्या जमिनीवर झोपायची पद्धत परदेशी हौशी मंडळींत आहे. सत्तरीत ती वापरू नका. इथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडींमुळे पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम, नेमका आपला भटकंतीचा. म्हणून छताखाली बारीक जाळीची मच्छरदाणी आणि तिला चारी बाजूंनी शिवलेला जलरोधक तळ हवाच. तळाच्या कडा पंधरा सेंटिमीटर वर उचला, म्हणजे जांभ्याचा लाल चिखल उडून आत येत नाही. दाराला ५ नंबरची चेन लावा, ३ नंबरची हलकी असते पण मातीने लवकर अडकते. या भागाचं वजन छताएवढं झालं तरी चालेल. सुकलेल्या पाल्याच्या ढिगावर तळ टाकू नका, गोचिडी तिथेच असतात. बाही लांब, पँट मोज्यात खोचलेली, आणि सकाळी अंग नीट तपासायचं.

परतल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलाकडे झोपलो होतो हे आवर्जून सांगा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.