चौथी खुर्ची

जेवणाच्या टेबलासाठी सागवानाच्या सहा खुर्च्या स्वतःच्या हाताने घडवायला घेतल्या आहेत. त्यांतील चौथी आज उभी राहिली. बैठकीची उंची 45 सेंटिमीटर ठेवली आहे. खरा कस मागच्या पायांच्या सांध्यात लागतो, कारण बैठक मागे अरुंद होत जात असल्यामुळे बाजूच्या पट्ट्या तिरप्या येतात, कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाची पायाच्या खाचेत शिरणारी जीभ, गुण्यात (काटकोनात) बसत नाही, आणि मागे रेलणाऱ्या माणसाचा भार नेमका तिथेच पडतो. सकाळी एक कुसू खाचेत सैल गेले. सरस भरून वेळ निभावता आली असती, पण मन धजावले नाही. त्याच्या दोन्ही अंगांना सागाची पातळ चकती चिकटवली, ती वाळल्यावर पटाशीने केसभर तासत गेलो, आणि संध्याकाळी लाकडी हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांत ते घट्ट बसले, तेव्हाचा भरीव आवाज अजून कानांत आहे.