मेळघाटातला प्रौढांचा रात्रवर्ग : माझा अनुभव

धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू आदिवासींच्या गावात वर्ग घ्यायचा, तर तारखा गावाच्या कामावरून ठरवाव्या लागतात. दिवाळीनंतर बरीच घरं मजुरीला बाहेर पडतात, ती होळीला परततात. मग पहाटे मोहफुलं वेचायची. म्हणून मी पेरणी उरकल्यावर सुरुवात करतो. रात्री ८ ते ९:३०, जेवणं झाल्यावर, एका ओसरीवर आठ-दहाच जण. शिकवणारी त्याच गावची दहावी झालेली मुलगी असेल तर उत्तम.

पहिल्याच दिवशी डोळे तपासा. चाळिशीपुढच्या बाया पुस्तक हात लांब करून धरतात आणि आपण समजतो, त्यांना कळत नाही. जवळचा चष्मा मिळाला की त्यांचं अर्धं अडलेलं सुटतं.

खरी अडचण चित्रांची. घराचं चित्र दाखवून 'घ' विचारला, तर उत्तर येतं 'उरा', कारण कोरकूत घर म्हणजे उरा. पाणी म्हणजे 'डा'. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. अशा वेळी चूक शिकणाऱ्याची मुळीच नसते! आधी 'उरा', 'डा' हेच शब्द देवनागरीत लिहून वाचू द्यावेत, अक्षरं तिथूनच पकडावीत, मराठी शब्द नंतर. त्याच्याही आधी स्वतःचं नाव, रोजगार हमीच्या जॉबकार्डावर छापलंय तसंच. आधारवर नावाची अक्षरं वेगळी असतील तर तेव्हाच टिपून ठेवा, उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या नोंदणीत नाव तिथेच अडकतं.

उल्लासची चाचणी १५० गुणांची : वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के हवेत. २०२४ ला ती १७ मार्चला झाली, होळीच्या आठवडाभर आधी. बाहेरगावी असलेल्यांना महिनाभर आधी निरोप धाडावा.

हिशेबात ही माणसं पक्की असतात, अडतं ते लिहिताना. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात म्हणून ५२ लिहितात. एकशे सात म्हणजे १००७. यावर फळ्यापेक्षा तेंदूपानांचे पुडे कामी येतात. सुटे पुडे उजवीकडे, दहा-दहाच्या चळती मध्ये, शंभराची रास डावीकडे. चळतीची जागा रिकामी दिसली की तिथे शून्य का येतं ते सांगावं लागत नाही.